हँडल डावीकडे वळलं तर

झाडता झाडता वहिनीच्या झाडूच्या टोकाला तो फ्यूज लागला.

सकाळचं मोठं काम उरकलं होतं. मास्तरांची मोटरसायकल नवा हॉर्न वाजवत निघून गेली होती. पुढचं गिऱ्हाईक यायच्या आत दुकानासमोरची जागा साफ करावी म्हणून ती झाडायला लागली होती. वायरचे तुकडे, टेपच्या चिंध्या, एक वाकडा स्क्रू, आणि त्यांच्यात नखाएवढा निळा, दोन पायांचा फ्यूज. तिने तो उचलून उजेडाकडे धरला. आतली तार मधोमध तुटली होती आणि तुटल्या जागी काळा डाग पडला होता.

"नाना, हा कुठला?"

नाना म्हणजे तिचे सासरे. दुकान त्यांचं, दारावरची पाटी त्यांची. गाड्यांच्या वायरिंगचं काम ते चाळीस वर्षं करत होते. मुलाला या कामाची गोडी लागली नाही, तो लांबच्या कारखान्यात नोकरीला लागला आणि महिन्यातून एकदा घरी येऊ लागला. सून मात्र दुपारचा डबा घेऊन यायची ती स्टुलावर बसून बघत राहायची, आणि बघता बघता तिने हातात पक्कड कधी घेतली हे नानांनाही कळलं नाही. त्याला आठ वर्षं झाली होती. गल्लीतले सगळे तिला वहिनी म्हणत, आणि स्टार्टरचं काम असलं की नानांना ओलांडून सरळ तिच्याकडे येत.

"असेल जुना," नाना मान वर न करता म्हणाले. "इथे काय कमी फ्यूज जळालेत?"

पण काल संध्याकाळी दुकान तिनेच झाडलं होतं, कानाकोपऱ्यासकट. तिने बाकावरचं हॉर्नचं रिकामं खोकं पुढे ओढलं. या खोक्यात दोन भोंगे, एक रिले, फ्यूजची डबी आणि दोन निळे फ्यूज येतात: एक डबीत बसवायला, एक जादाचा. जादाचा फ्यूज पाकिटात तसाच होता, पाकीट फोडलेलंही नव्हतं. दुसरा जळून तिच्या तळहातावर पडला होता.

मग मास्तरांच्या गाडीवर काय गेलं?

"नाना," तिने शक्य तितक्या हळू विचारलं, "डबीत काय बसवलंय?"

नानांचा हात थांबला. ते एका दिव्याचा होल्डर घासत होते. पुन्हा घासायला लागले.

"नाना."

"तार," ते म्हणाले. "दोन पदरी पिळून घातलीय. हल्लीचे फ्यूज काय, जोरात शिंकलं तरी उडतात. तार घातली आणि बघ ना कसा खणखणीत वाजला! समोरचा शिंपी खुर्चीवरून उडाला."

शिंपी खरंच उडाला होता. मास्तरांनी जाताना तीनदा हॉर्न दाबला होता, आणि शिंप्याने कात्री हातात घेऊन बाहेर येत त्यांच्या सात पिढ्यांची चौकशी केली होती. सगळे हसले होते. वहिनीही हसली होती, तीनचाकीच्या खाली आडवी पडल्या पडल्या. ती तिथे होती म्हणूनच मास्तरांचं काम नानांनी एकट्यांनी केलं होतं.



मास्तर दर गुरुवारी बायकोला मागे बसवून डोंगरापलीकडच्या दवाखान्यात नेत. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तिथे त्यांच्याकडून व्यायाम करून घेत. पंधरा दिवसांपूर्वी घाटातल्या एका वळणावर खडीचा डंपर समोरून आला. मास्तरांनी हॉर्न दाबला, पण त्यांच्या गाडीचा मूळचा हॉर्न म्हणजे घसा बसलेली कोंबडी. डंपरवाल्याला तो ऐकूच गेला नाही. गाडी कडेच्या गटारात गेली, दोघं थोडक्यात वाचले. तेव्हा काकूंनीच हट्ट धरला की चांगला मोठा हॉर्न बसवल्याशिवाय मी या गाडीवर पाय टाकणार नाही. आज गुरुवार होता, आणि काकू दुकानातूनच मागे बसून गेल्या होत्या.

मोठ्या हॉर्नला वीजही तशीच मोठी लागते. ती हँडलवरच्या छोट्या बटणातून नेली तर बटण जळतं. म्हणून मध्ये रिले घालतात. बटणाने फक्त रिलेला इशारा द्यायचा, मग बॅटरीतून थेट आलेल्या जाड वायरमधली वीज रिले भोंग्यांना सोडते. ही जाड वायर बॅटरीपासून निघते, पेट्रोलच्या टाकीखालून जाते आणि हँडलच्या गळ्याजवळून पुढे येते. किल्ली बंद असो वा चालू, तिच्यात वीज असतेच. कुठे काही बिघडलं तर ती वीज तोडणारी एकच वस्तू असते, तो फ्यूज.

"तो उडाला कधी?" तिने विचारलं. "हॉर्न दाबल्यावर?"

नानांनी होल्डर खाली ठेवला. "नाही. दाबायच्या आधीच. मी पुढच्या बाजूला रिले कसत होतो. हाताला जागा होईना म्हणून हँडल पूर्ण फिरवलं."

"कुठल्या बाजूला?"

"डावीकडे."

म्हणजे हँडल पूर्ण डावीकडे वळलं की ती वायर कुठेतरी लोखंडात चेंगरत होती. फ्यूजने आपलं काम चोख केलं होतं, आणि नानांनी त्याच्या जागी पिळलेली तार घालून त्याचं तोंड बंद केलं होतं.

नानांच्याही ते त्याच क्षणी ध्यानात आलं असावं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. चाळीस वर्षांत ज्यांनी शंभर पोरांना फ्यूजच्या जागी तार घातली म्हणून कानफटात दिली असेल, ते नाना.

"मी तुला हाक मारणार होतो," ते म्हणाले. "पण मास्तर घाई करत होते."

वहिनीने मास्तरांना फोन लावला. रिंग पूर्ण वाजून थांबली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. गाडी चालवताना मास्तर फोन उचलत नसत, शिस्तीचा माणूस. निघून त्यांना वीस मिनिटं झाली होती.

"शटर ओढा," ती म्हणाली आणि पक्कड, कटर, जाड वायरचं भेंडोळं, टेप, पाकिटातला जादाचा फ्यूज असं हाताला लागेल ते पिशवीत भरायला लागली. नाना स्कूटरजवळ जाऊन उभे राहिले.

"तुम्ही थांबा, मी जाऊन येते."

"मी येणार."

वाद घालायला वेळ नव्हता.

गावाबाहेर पडलं की रस्ता कालव्याच्या कडेने सरळ जातो, पार डोंगराच्या पायथ्यापर्यंत. दोन्ही बाजूंना वीटभट्ट्या आणि गोदामं. स्कूटर जुनी, त्यात दोन माणसं. साठच्या वर काटा जायला तयार नव्हता. पुलाच्या अलीकडे तिने स्कूटर कडेला घेऊन परत फोन लावला. रिंग वाजत राहिली.

"उचला ना सर, उचला! जरा थांबा कुठेतरी!"

"त्यांनी थांबायला नको," मागून नाना म्हणाले.

"काय?"

"चालत्या गाडीवर हँडल एवढं वळत नाही. सरळ रस्ता आहे. मी गाडी मोठ्या स्टँडवर लावली होती, हँडल सरळ होतं, तिथून ढकलून उजवीकडे रस्त्यावर काढली. म्हणून आतापर्यंत काही झालेलं नाही. पण गाडी थांबवून माणूस साइड स्टँड लावतो, आणि साइड स्टँडवर गाडी कलली की हँडल आपोआप डावीकडे पडतं. अगदी पूर्ण."

 ती मघापासून फोन करून त्यांना नेमकं जे करायला नको तेच करायला बोलावत होती. स्क्रीनवर मास्तरांचं नाव अजून दिसत होतं. तिने झटकन फोन बंद केला.

"पायथ्याशी चहाची टपरी आहे," नाना पुढे म्हणाले. "घाट चढायच्या आधी मास्तर तिथे थांबतात. मला सांगितलंय त्यांनी. पाणी पितात, चहा घेतात."

"आणि काकू?"

"त्या उतरत नाहीत. चढायला-उतरायला गुडघा दुखतो ना. गाडीवरच बसून चहा घेतात."

वहिनीने स्कूटर पुन्हा रस्त्यावर घेतली. ती जाड वायर टाकीच्या खालून गेलेली, आणि टाकीच्या मागे हातभर अंतरावर काकू बसलेल्या, हातात चहाचा ग्लास. स्कूटरचा ॲक्सिलरेटर तिने आणखी पिळला, पण तो आधीच शेवटपर्यंत पिळलेला होता.

रेल्वेच्या फाटकाशी आले तर फाटक पडलेलं. पुढे ट्रक, टेम्पो, सायकली. इंजिनाचा पत्ता नाही. वहिनी स्कूटरवरून उतरून रुळांच्या दोन्ही बाजूंना बघत राहिली. आडव्या दांडीखालून स्कूटर काढता येईल का, असा विचार करून तिने अंदाज घेतला. फाटकवाला लांबूनच ओरडला, "ए बाई! जीव नकोसा झालाय का?"

"मास्तर या फाटकातून निघून गेले असतील की नाही?" तिने नानांना विचारलं.

नाना डोळे बारीक करून समोरच्या गर्दीकडे बघत होते. "तूच बघ, पुढे लाल गाडी आहे का."

"लाल? नाना, मास्तरांची गाडी हिरवी आहे."

 ती त्यांच्याकडे वळली. सकाळी दोन तास त्यांनी त्या गाडीवर काम केलं होतं.

"केव्हापासून?" तिने विचारलं.

"डाव्या डोळ्याने सहा महिने झाले, धुकंच दिसतं. उजव्याने चालतंय अजून. रंग तेवढे..." त्यांनी हात झटकला. "हाताला कळतं गं सगळं. वायर जाड की बारीक, जोड घट्ट की सैल. बोटांनी काम होतं."

"हँडलच्या गळ्याशी वायर कुठे चेंगरते ते बोटांना कळलं?"

शब्द तोंडातून निघून गेल्यावर तिला वाईट वाटलं, पण ती ते मागे घेणार नव्हती. मनातल्या मनात ती स्वतःलाही सोडत नव्हती. नाना हल्ली वायर नाकाशी नेऊन बघतात, चहाचा कप बशीच्या बाहेर ठेवतात, हे तिने पाहिलं नव्हतं थोडंच? पाहिलं होतं. सासऱ्यांना कसं विचारायचं, त्यांना काय वाटेल, म्हणून ती रोज उद्यावर ढकलत होती. आणि त्या उद्यावर ढकललेल्या गोष्टीवर आज दोन माणसं बसून डोंगराकडे निघाली होती.

मालगाडी आली. तिने डबे मोजायला सुरुवात केली आणि एकोणतीसवर सोडून दिली. फाटक उघडलं तशी तिने ट्रकच्या आणि टेम्पोच्या मधून स्कूटर घातली. टेम्पोवाल्याने शिवी हासडली. ती तिच्या कानावर पडून तशीच मागे राहिली.

फाटकापासून सहा-सात किलोमीटर गेल्यावर पिशवीतला फोन वाजला.

तिने ब्रेक दाबला. मास्तर. म्हणजे ते थांबले होते.

"हॅलो, सर! कुठे आहात?"

"अगं, किती फोन? मी घाबरलोच. नाना बरे आहेत ना?"

"सर, गाडी कुठे आहे?"

"ही काय, टपरीसमोर. चहा सांगितलाय. ही बसलीय गाडीवर."

"साइड स्टँडवर?"

"मग काय डोक्यावर?" मास्तर हसले.

"सर, ऐका. आधी काकूंना खाली उतरवा. लगेच. मग बोलू."

"का? काय झालं?"

"उतरवा आधी!" ती इतक्या जोरात ओरडली की कालव्याच्या कठड्यावर बसलेला एक माणूस उठून उभा राहिला.

फोनमध्ये खरखर झाली. मास्तर लांबून बोलत होते, "अगं, ती म्हणतेय उतर. मला काय माहीत का!" मग काकूंचा आवाज, "अहो, कसला हा वास? रबर जळल्यासारखा?" मग मास्तर एकदम, "धूर! टाकीखालून धूर येतोय!"

त्यानंतर काही क्षण नुसताच आरडाओरडा. काकू कण्हत होत्या, कुणीतरी "धरा, धरा" म्हणत होतं, ग्लास फुटला. वहिनीने फोन स्पीकरवर टाकला. 

"सर, काकू उतरल्या?"

"उतरली, उतरली. माणसं पाणी टाका म्हणतायत."

"पाणी नको! हँडल सरळ करा!"

"केलं! धूर थांबत नाहीये! किल्ली बंद आहे, तरी कसा..."

वायर वितळून लोखंडाला चिकटली असणार. आता हँडल सरळ केल्याने ती सुटणार नव्हती. बॅटरीशीच तोडायला हवी होती. आणि तिला, या गाड्या रोज उघडणाऱ्या बाईला, त्या क्षणी बॅटरी डावीकडे असते की उजवीकडे ते आठवेना.

नानांनी तिच्या हातातून फोन घेतला.

"मास्तर, मी नाना बोलतोय." त्यांचा आवाज दुकानात बोलत तसाच होता, शांत, थोडा खालचा. "किल्ली काढा. डाव्या बाजूला सीटखाली झाकण आहे, त्याला किल्लीचं भोक आहे. घाला, फिरवा, झाकण खालून स्वतःकडे ओढा."

"ओढलं. आत काही दिसत नाहीये, धूर झालाय."

"बघू नका. बघायचं कामच नाही. हात आत घाला." नानांनी डोळे मिटले होते आणि त्यांचा उजवा हात हवेत, कालव्याच्या काठावर, एका नसलेल्या गाडीच्या आत गेला होता. "बॅटरीचा कडक कोपरा हाताला लागेल. त्याच्या वरच्या अंगाला दोन बोल्ट. त्यातला पुढचा. त्याच्यावरून एक जाड वायर निघते, करंगळीएवढी."

"पोळतंय! गरम आहे फार!"

"रुमाल आहे?"

"माझी शाल घ्या," मागून काकूंचा आवाज आला. मग धडपड. "द्या इकडे. तुमचे हात कापतायत. नाना, मी बोलतेय. जाड वायर सापडली. पुढे?"

"तिच्यावरून बोटं पुढे सरकवा, बाई. वीतभर. एक चौकोनी डबी लागेल."

"लागली. मऊ झालीय. वितळलीय."

"तिला धरू नका. तिच्या पुढे दोन बोटांवर एक गाठ आहे, प्लॅस्टिकच्या नळीतली. तो जोड आहे. दोन्ही बाजूंनी शालीत धरा आणि सरळ ओढा. वाकडं नाही, सरळ."

फोनमध्ये श्वास ऐकू येत होता. मग काकूंचं "निघत नाहीये."

"निघेल. मी दिलेला जोड आहे, घट्ट असतो. पाय रोवा आणि ओढा."

वहिनी नानांच्या हाताकडे बघत होती. दोन्ही मुठी त्यांनी छातीसमोर धरल्या होत्या आणि स्वतःच ताकद लावत होते. कपाळावरची शीर फुगली होती.

मग एक बारीक "टक्" आणि काकूंची किंकाळी. आणि शांतता.

"बाई?" नाना म्हणाले. "बाई!"

"निघाला," काकू म्हणाल्या. "मी पडले मागे. बरी आहे. निघाला."

"दोन्ही टोकं लांब ठेवा, एकमेकांना लागू देऊ नका. गाडीपासून दूर व्हा. आम्ही आलोच." नानांनी फोन वहिनीच्या हातात दिला आणि कठड्याला धरून हळूच खाली बसले. 

टपरीशी पोहोचले तेव्हा धूर विरला होता, पण वास तसाच होता. गाडीभोवती दहा-बारा माणसांचं कडं, त्यांत प्रत्येकाचं वेगळं मत. काकू टपरीवाल्याच्या बाकावर पाय लांब करून बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर शाल होती, तिला मुठीएवढं तपकिरी भोक पडलेलं. मास्तरांच्या तीन बोटांना फोड आले होते, ती त्यांनी पाण्याच्या तांब्यात बुडवून ठेवली होती.

वहिनीने सीट काढली, टाकी सोडवून उचलली. टाकीच्या पोटाचा रंग फुगून सुटला होता. त्याच्या बरोबर खाली जाड वायर पार नागडी होऊन चौकटीला चिकटली होती. हँडलच्या गळ्याशी ती हँडल अडवणाऱ्या लोखंडी खुंटीच्या आणि चौकटीच्या मधोमध गेली होती, जिथे तिने कधी जाऊ नये. पेट्रोलच्या नळीपासून हे सगळं चार बोटं लांब होतं.

मास्तर बोटं तांब्यात ठेवूनच तिच्या खांद्यावरून बघत होते. "कुणाची चूक ही? कंपनीची?"

वहिनीने तोंड उघडलं. काय म्हणणार होती ते तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. कदाचित "हो" म्हटलं असतं.

"माझी," नाना म्हणाले. "वायर मी चुकीची नेली. फ्यूज उडाला तेव्हा का उडाला ते शोधलं नाही, तार घातली. मला नीट दिसत नाही मास्तर, आणि ते मी कुणाला सांगितलं नाही."

 मास्तरांनी तांब्यातून बोटं काढली.

"तुम्हाला दिसत नाही," ते सावकाश म्हणाले, "आणि तुम्ही माझ्या बायकोला त्याच्यावर बसवलंत."

"हो."

"माझ्या वर्गात एखाद्याने उत्तर चुकवलं तर मी पुन्हा सोडवायला लावायचो. हे पुन्हा सोडवता आलं असतं का, नाना? ही जर..."  ते वळले आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन डोंगराकडे तोंड करून उभे राहिले.

नाना जागचे हलले नाहीत. काकूंनी बाकावर थोडं सरकून जागा केली. ते तिथे बसले नाहीत, बाकाच्या कडेला जमिनीवरच टेकले.

"आवाज चांगला होता हो हॉर्नचा," काकू म्हणाल्या. नानांनी मान हलवली, पण वर बघितलं नाही.

वहिनीने जळालेली वायर तुकड्या-तुकड्याने खरवडून काढली. गाडी तशीच टेम्पोत घालून परत नेता आली असती, पण काकूंचा दवाखाना चुकवायचा नव्हता, आणि बसला दोन तास होते. तिने नवी वायर उजव्या बाजूने घेतली, गळ्याशी ऐसपैस वळण सोडलं, त्याच्यावर रबरी नळी चढवली. नवी डबी टपरीशेजारच्या पंक्चरवाल्याकडे मिळाली. तिच्यात तिने पाकिटातला फ्यूज बसवला. काम करताना एकदाच तिने मागे न बघता हात पुढे केला आणि नानांनी तिच्या हातात कटर दिला. मागितला नव्हता, पण तोच हवा होता.

"झालं," ती म्हणाली.

मास्तर परत आले. त्यांनी किल्ली लावली, हँडल पूर्ण डावीकडे वळवलं आणि हॉर्न दाबला. पूर्ण उजवीकडे वळवलं आणि दाबला. पुन्हा डावीकडे. वीस-पंचवीस वेळा. टपरीवाल्याने कानांवर हात ठेवले पण कुणी हसलं नाही. शेवटी त्यांनी गाडी साइड स्टँडवर लावली, पाच मिनिटं घड्याळ लावून बघत उभे राहिले, टाकीला उलटा हात लावून पाहिला. मगच त्यांनी काकूंना हात दिला. वहिनीला ते "येतो" म्हणाले. नानांकडे त्यांनी पाहिलं नाही.

स्कूटरवरून परतताना फाटक उघडं होतं.  वीटभट्ट्यांपाशी आल्यावर नाना मागून म्हणाले, "लेकाला सांगशील?"

"सांगणार."

"सांग. मी सांगितलं तर त्यात स्वतःच्या बचावाचं काहीबाही जोडीन." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "डोळ्यांच्या डॉक्टरकडे किती वाजेपर्यंत घेतात?"

तिने स्कूटर दुकानाकडे न वळवता बाजाराच्या रस्त्याला घातली.

मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता, डाव्यात पिकून बसलेला. डॉक्टरीणबाईंनी नानांना शाळकरी पोराला झापावं तसं झापलं आणि ते ऐकून घेत बसले. तीन आठवड्यांनी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, दोन महिन्यांनी उजव्याचं. मधल्या काळात त्यांनी पक्कड हातात घेतली नाही. स्टुलावर बसून बघत राहायचे, वहिनी पूर्वी बघायची तसेच. कुणी फ्यूजच्या जागी तार घातलेली गाडी घेऊन आलं की ती काढायला लावायचे, पण आता ओरडत नसत. का काढायची ते सांगायचे, आणि सांगताना मास्तरांची गोष्ट पूर्ण सांगायचे, स्वतःचं नाव घेऊन. वहिनीला पहिल्यांदा ते ऐकवेना. नंतर सवय झाली.

मास्तर चार महिने फिरकले नाहीत. मग एका सकाळी पुढचा दिवा बदलायला आले. वहिनीशी बोलले, नवऱ्याची चौकशी केली, नाना समोर असून त्यांना नमस्कारही केला नाही. काकू मात्र गाडीवरून उतरल्या, आता त्या काठीशिवाय चालत होत्या. त्यांनी स्टुलावर बसलेल्या नानांसमोर आपली तीन बोटं धरली आणि विचारलं,

"किती?"

"तीन," नाना म्हणाले. "आणि अंगठीचा खडा हिरवा आहे."

"निळा आहे," मास्तर पाठमोरेच म्हणाले.

नाना पुढे वाकले, नीट पाहिलं. "हिरवाच आहे, मास्तर."

काकूंनी हात उजेडात नेऊन पाहिला. "हिरवाच आहे हो," त्या नवऱ्याला म्हणाल्या.  दिवा बसवून झाला तरी मास्तर दुकानातच थांबले, आणि शिंप्याने पाठवलेल्या चहातला एक कप त्यांनी नानांच्या बाजूला सरकवला.